फाइलीचे वय आणि कागदाचे वय

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर हे गाव लागते. आज ते जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात मोडते. अशा गावचा एखादा जुना महसुली कागद अभ्यासकाच्या हाती आज येतो तो बहुधा संगणकातील फाइलीच्या रूपाने. मूळ पत्रक कचेरीतील बस्त्यात राहते. कोणी त्याची प्रतिमा घेतो, ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाते, पेन ड्राइव्हवरून फिरते आणि अखेर विद्यार्थ्याच्या संगणकावर येऊन स्थिरावते. ‘हा कागद किती जुना?’ हा इतिहासाभ्यासातील पहिला प्रश्न. तो आता यंत्रालाही विचारता येतो, आणि यंत्र क्षणार्धात उत्तर देते. ते उत्तर खोटे नसते. परंतु ते नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर असते ह्याचा विचार क्वचितच होतो. तो विचार कालनोंदीच्या इतिहासाच्या आधारे करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राला हा प्रश्न कसा विचारतात ते पाहू. युनिक्स व तिच्या वंशातील लिनक्स आदी प्रणालींत मनुष्य आणि यंत्राचा गाभा ह्यांच्यामध्ये ‘शेल’ म्हणजे कवच नावाचा एक दुभाषी असतो. त्याला उद्देशून लिहिलेल्या आज्ञांची लहानशी यादी म्हणजे शेल स्क्रिप्ट. फाइलीचे वय काढणारी स्क्रिप्ट तीनचार ओळींची असते. ‘डेट’ ह्या आज्ञेने चालू क्षण सेकंदांत घ्यावयाचा. ‘स्टॅट’ ह्या आज्ञेने फाइलीवर नोंदलेला क्षण, तोही सेकंदांत, घ्यावयाचा. पहिल्यातून दुसरा वजा करावयाचा, आणि उरलेल्या अंकास ८६,४०० ने, म्हणजे एका दिवसाच्या सेकंदांनी, भागावयाचे. भागाकार येतो ते फाइलीचे दिवसांतील वय. ‘अमुक दिवसांहून जुन्या फाइली दाखव’ एवढेच विचारावयाचे असल्यास ‘फाइंड’ ही आज्ञा एकटी पुरते.

ह्या भागाकारात बाकी टाकून दिली जाते, आणि तेथेच आपल्या परिचयाचा एक जुना वाद डोकावतो. ‘फाइंड’ला तीस दिवसांहून जुन्या फाइली मागितल्या, तर तीस दिवस व तेवीस तास झालेली फाइल ती देत नाही, एकतिसावा दिवस पुरा झालेला असावा लागतो. जुन्या भाषेत सांगावयाचे तर यंत्राची गणना ‘गत’ आहे, ‘वर्तमान’ नाही. शिलालेखांतील शकवर्षे गत मानावयाची की वर्तमान, ह्या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कीलहॉर्न ह्यांच्यासारख्या पंडितांना बराच काळ गुंतवून ठेविले होते. कारण त्यावर लेखाचा काल एका वर्षाने मागेपुढे होतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल ह्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इंडियन कॅलेंडर’ ह्या ग्रंथातही हा भेद काळजीपूर्वक सांभाळलेला आहे. आपल्या बोलण्यात मात्र दोन्ही गणना सुखाने नांदतात. ‘त्याला पंचेचाळिसावे लागले’ असे म्हणणारा वर्तमान वर्ष सांगतो, आणि ‘चव्वेचाळीस पुरी झाली’ म्हणणारा गत. यंत्राला ही दुसरी बोलीच तेवढी समजते.

वयाचा हा प्रश्न केवळ पंडिती नाही. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या जातप्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक आहे, आणि त्यापूर्वीच्या नोंदीला त्यामुळे विशेष मोल आले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन महसुली, शैक्षणिक व इतर नोंदींत ‘कुणबी’ असा उल्लेख कोठे कोठे सापडतो ह्याचा शोध सुरू झाला. ह्या मागणीचे आंदोलन जालना जिल्ह्यातीलच अंतरवाली सराटी येथून उभे राहिले होते. शोधाच्या निमित्ताने कचेऱ्याकचेऱ्यांतील बस्ते सुटले, मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची गरज भासली, आणि पत्रकांच्या प्रतिमा मोठ्या संख्येने तयार झाल्या. त्या मागणीच्या गुणदोषांची चर्चा हे ह्या पत्रिकेचे स्थान नव्हे. परंतु एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने कागद १९६७ च्या अलीकडचा की पलीकडचा ह्यावर मुलांचे शिक्षण व नोकरी अवलंबून असेल, तर कागदाचे वय ठरविण्याची रीत निर्दोष असली पाहिजे, हे कोणीही मान्य करील.

येथे शब्दांकडे थोडे वळणे अस्थानी होणार नाही. लिखित कागदांच्या समूहाला मराठीत जे शब्द रूढ आहेत ते जवळजवळ सर्व वाहकाची नावे आहेत. ‘दफ्तर’ हा शब्द फारसीतून आला. त्याचे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे. ‘बस्ता’ म्हणजे फारसीत बांधलेले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात त्याचा मूळ अर्थ तोंड पुसण्याचे कापड. ‘फाइल’ हा इंग्रजीतून आलेला शब्दही लॅटिन ‘फिलुम’ म्हणजे दोरा ह्यापासून निघाला आहे. कागद दोऱ्यात ओवून ठेवीत, त्यावरून. कातडे, गाठ, कापड, दोरा: चारांपैकी एकही शब्द मजकुराचा नाही. मजकूर ज्यात राहतो त्याच्या नावाने आपण मजकूर ओळखतो, आणि म्हणूनच दोहोंचे वय एकच असेल असा समज नकळत होतो. रुमालाचे कापड बदलले म्हणून आतल्या पत्राचे वय बदलत नाही, हे डोळ्यांना दिसते. संगणकात कापड दिसत नाही, एवढाच फरक.

आता दुसरी गोष्ट. कोणत्याही कचेरीतील कालनोंद ही त्या कचेरीच्या कामासाठी असते. इतिहासकारासाठी ती कोणी केलेली नसते. मराठेशाहीतील कागदांत सर्रास आढळणारा शुहूर सन घ्या. त्याला अरबी सन किंवा मृगसाल असेही म्हणतात. हिजरी ७४५ च्या, म्हणजे इ.स. १३४४-४५ च्या सुमारास हा सन हिजरीशी जुळतो, म्हणून त्याचा आरंभ तेथे मानतात. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्यामुळे ऋतूंशी त्याचा मेळ राहत नाही आणि पिकावर सारा घेणाऱ्या राजसत्तेला ते गैरसोयीचे होते. म्हणून वर्ष सौर केले व सूर्य मृग नक्षत्रात येतो तेव्हा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्याचा आरंभ धरला. पेरणीबरोबर वर्ष उघडावयाचे. अंक मात्र अरबी शब्दांनीच लिहावयाचे: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. ह्यात ५९९ मिळविले की जून ते डिसेंबरपर्यंतचे आणि ६०० मिळविले की जानेवारी ते मेपर्यंतचे इसवी वर्ष मिळते. पानिपतचा जानेवारी १७६१ मधील संग्राम ह्याच वर्षात पडतो. गंमत अशी की वर्ष सौर झाले तरी महिने व तारखा पुष्कळदा मुसलमानी चांद्रच राहिल्या. ‘छ’ हे अक्षर घालून तारीख व पुढे जिल्काद, जिल्हेज इत्यादी महिना लिहीत. एकाच ओळीत दोन निरनिराळी घड्याळे चालत, आणि लिहिणाऱ्या कारकुनाला त्याची काही अडचण वाटत नसे, कारण त्याच्या कामापुरते ते पुरेसे होते.

फसली सनाचेही तेच. ‘फसल’ म्हणजे पीक. नावातच हेतू आला. परंतु एकच फसली अंक सर्वत्र एकाच दिवशी सुरू होत नसे, आणि वाटूरसारख्या गावच्या कागदाबाबत हा मुद्दा निर्णायक आहे. मराठी राज्याच्या परंपरेत फसली वर्ष मृगाला उघडे. निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उघडे, आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे असत. ‘मेहर १३५५ फसली’ अशी मिती असलेला कागद घेऊ. मेहर हा हैदराबादी क्रमाने अकरावा महिना. म्हणून हा काल ऑगस्ट १९४६ चा. मृगारंभाचा हिशेब त्याला लावला तर तोच ऑगस्ट १९४५ चा ठरेल. पुण्याकडच्या कोष्टकावर वाढलेला अभ्यासक मराठवाड्यातील कागद वाचू लागला म्हणजे हा एका वर्षाचा खड्डा वाटेत असतो.

ह्या पार्श्वभूमीवर युनिक्सचा कालारंभ पाहिला तर तो फारसा परका वाटत नाही. ही प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी ह्यांनी घडविली. नोव्हेंबर १९७१ च्या तिच्या पहिल्या पुस्तिकेनुसार काल मोजला जाई तो १ जानेवारी १९७१ पासून, आणि तोही सेकंदाच्या साठाव्या भागात. बत्तीस द्विमान अंकांच्या घरात असा हिशेब ठेवला तर घर सुमारे सव्वादोन वर्षांत भरते. ही अडचण पुस्तिकेतच मान्य केलेली होती. म्हणून आरंभ एकदा पुढे सरकविण्यात आला, आणि नंतर एकक बदलून पूर्ण सेकंद घेण्यात आला व आरंभ १ जानेवारी १९७० वर स्थिर झाला. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक शक १६७४ मध्ये एका सार्वभौमत्वाची घोषणा म्हणून सुरू झाला. युनिक्सच्या शकामागे असे काही नाही. तो सोयीचा वाटोळा आकडा होता, एवढेच. परंतु आज जगातील बहुसंख्य यंत्रे ह्याच शकाने वागतात. ज्या यंत्राचे घड्याळ शून्यावर गेले आहे ते आपल्याकडे १ जानेवारी १९७० ची पहाटे साडेपाचची वेळ दाखविते, कारण शून्य ग्रिनिचचे आहे. बत्तीस अंकी चिन्हयुक्त घर १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल, आणि ज्या यंत्रांनी तोवर मोठे घर घेतलेले नसेल ती त्यापुढे डिसेंबर १९०१ दाखवू लागतील.

वर सांगितलेला मानीव दिनांक ह्या शकात मांडून पाहण्यासारखा आहे. १३ ऑक्टोबर १९६७ ते १ जानेवारी १९७० हे अंतर ८११ दिवसांचे. म्हणजे ग्रिनिच मध्यरात्रीने त्या दिवसाचा अंक उणे ७,००,७०,४०० येतो. ज्या कागदांच्या वयाला आज महाराष्ट्रात सर्वांत अधिक मोल आहे, ते सर्वच्या सर्व यंत्राच्या शकारंभापूर्वीचे आहेत.

आता स्क्रिप्ट जो क्षण वाचते तो कोणता, हा मुख्य प्रश्न. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक फाइलीच्या नोंदपत्रात दोन काळ असत: निर्मितीचा व शेवटच्या बदलाचा. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत तीन झाले. ‘एटाइम’ म्हणजे शेवटच्या वाचनाचा, ‘एमटाइम’ म्हणजे मजकुरातील शेवटच्या बदलाचा, आणि ‘सीटाइम’. ह्या तिसऱ्या शब्दाचा अर्थपालट भाषाभ्यासकाने मुद्दाम लक्षात घ्यावा. ‘सी’ हे अक्षर आरंभी निर्मितीवाचक होते; नंतर ते नोंदपत्रातील बदलाचे वाचक झाले, म्हणजे मालकी, परवानगी, नाव किंवा मजकूर ह्यांपैकी काहीही बदलले की ‘सीटाइम’ पुढे सरकतो. अक्षर तेच राहिले, अर्थ उलटला. आजही अनेक विद्यार्थी ‘सीटाइम’ला फाइलीचा जन्मकाळ समजतात, दोष त्यांचा कमी व अक्षराचा अधिक आहे. खरा जन्मकाळ कित्येक वर्षे नोंदीतून गळालेलाच होता. लिनक्समध्ये तो विचारण्याची सर्वसाधारण सोय २०१७ मध्ये झाली, आणि ‘स्टॅट’ ही आज्ञा तो दाखवू लागली २०१९ पासून.

जन्मकाळ गळाला आणि बदलाचा काळ टिकला, ह्याचे कारण पुन्हा कचेरीच्या कामात सापडते. प्रयोगशाळेला दररोज ठरवावे लागे की कालच्या नकलेनंतर कोणत्या फाइली बदलल्या, म्हणजे आज तेवढ्यांचीच नक्कल चुंबकीय फितीवर घेता येईल. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी रचलेली ‘मेक’ ही आज्ञा दोन फाइलींपैकी नवी कोणती एवढेच पाहते आणि जुनी पडलेली पुन्हा घडविते. ह्या दोन्ही कामांना जन्मतारीख लागत नाही. ‘एमटाइम’ हा नकलनविसाचा व कारखानदाराचा काळ आहे. मृगसाल जसे सारा वसूल करणाऱ्याचे, तसा हा. त्याला पत्रकाचे वय विचारणे म्हणजे पीकपाहणीच्या वहीत गावच्या देवळाचा जीर्णोद्धार शोधणे होय. एखादे वेळी सापडेलही, पण वही त्यासाठी लिहिलेली नसते.

नकलेत ह्या काळाचे काय होते ते पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. युनिक्समध्ये ‘सीपी’ ह्या आज्ञेने फाइलीची प्रत केली तर प्रतीला आजचा ‘एमटाइम’ मिळतो. जुना राखावयाचा तर तशी सूचना वेगळी द्यावी लागते. विंडोज प्रणालीत रीत निराळी आहे. तेथे प्रतीचा बदलकाळ मुळातला राहतो आणि निर्मितिकाळ मात्र प्रत झाली त्या क्षणाचा पडतो. परिणामी एखादी फाइल जन्मण्यापूर्वीच दुरुस्त झालेली दिसते! पेन ड्राइव्हवर बहुधा वापरली जाणारी जुनी ‘फॅट’ रचना काळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने व स्थानिक वेळेत नोंदविते, वेळेचा पट्टा कोणता ते सांगत नाही, आणि १९८० च्या मागे तिला जाताच येत नाही. मोबाइलवरील संदेशसेवांतून पाठविलेल्या छायाचित्राच्या अंतरंगातील कॅमेऱ्याच्या नोंदी पुष्कळदा गळून पडतात. एवढ्या हातांतून आलेल्या फाइलीवर स्क्रिप्ट चालविली तर ती जे वय सांगते ते शेवटच्या हाताचे असते.

शिवाय ‘टच’ नावाची एक आज्ञा आहे. तिचा साधा उपयोग फाइलीला नुसता स्पर्श करून तिचा काळ आजचा करणे हा. परंतु हवी ती तारीखही तिच्याकरवी घालता येते. बनावट सनदांचा इतिहास जाणणाऱ्याला ह्याचे नवल वाटू नये. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि इनामदारांच्या कागदांची छाननी झाली ती कागद पुरेसा जुना व खरा आहे काय ह्याच प्रश्नावर. मराठी पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सूद’ असा शिक्का उठवीत, तो मजकूर तेथे संपला व पुढे कोणी भर घालू नये म्हणून. ‘एमटाइम’ला असा शिक्का नाही. कोणी सुचवील की १९४६ च्या पत्रकाच्या प्रतिमेला ‘टच’च्या साहाय्याने १९४६ ची तारीखच देऊन टाकावी, म्हणजे क्रम आपोआप लागेल. लिनक्सच्या नेहमीच्या रचनांत हे शक्य आहे, परंतु ते करू नये. प्रतिमा १९४६ मध्ये निर्माण झालेली नाही. तसे लिहिणे म्हणजे नकलेवर अस्सलाची मिती घालणे आहे.

मग वय ठरवावयाचे कशावरून? जुनेच उत्तर पुरते: अंतर्गत पुराव्यावरून. वाटूरचा कागद ह्या दृष्टीने बोलका असतो. परतूर तालुका १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होता. म्हणून ‘तालुका परतूर, जिल्हा परभणी’ असे असेल तर मजकूर, किंवा निदान त्याचा नमुना, १९८१ पूर्वीचा; ‘जिल्हा जालना’ असेल तर तो त्यापूर्वीचा असूच शकत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलात होता, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात; शीर्षकातील राज्याचे नाव ही दुसरी खूण. ह्या भागात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा महत्त्वाचा आधार समजला जातो, आणि त्याचे रकाने पुढील सातबाराच्या नमुन्याहून वेगळे असल्याने दृष्टिक्षेपातच ओळखू येतात. रक्कम आण्यांत आहे की पैशांत, हेही पाहावे: दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. शुद्धलेखनही साक्ष देते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाल्यावर ‘नाहीं’, ‘केलें’ ह्यांवरील अनुच्चारित अनुस्वार हळूहळू गेले. मात्र जुन्या वळणाचा कारकून पुढेही कित्येक वर्षे ते देत राहतो. म्हणून अनुस्वार असणे ही दुबळी साक्ष आहे. नव्या वस्तूची उपस्थिती काळाची पूर्वसीमा पक्की करते. जुन्या सवयीची उपस्थिती केवळ शंका निर्माण करते.

हाच न्याय जन्मतः डिजिटल असलेल्या मराठी मजकुराला लागतो, आणि तेथे तो विशेष फलदायी आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, परंतु मराठी मुद्रणालये व कचेऱ्या त्यानंतरही बराच काळ आपापल्या टंकांच्या संकेतात लिहीत राहिल्या. त्या फाइली योग्य टंकावाचून उघडल्या तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. हा कचराच फाइलीची पिढी सांगतो. ‘ॲ’ हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ ह्या आवृत्तीत आले. तोवर ‘अ’ लिहून त्यावर वेगळा चंद्र द्यावा लागे. डोळ्यांना दोन्ही बव्हंशी सारखीच दिसतात, परंतु आतील संकेतांक भिन्न असतात आणि शेल स्क्रिप्ट ते अचूक वेगळे काढू शकते. ज्या फाइलीत अखंड ‘ॲ’चा संकेतांक आहे, ती आज आहे त्या रूपात २००८ च्या आधी लिहिली गेली नाही, मग तिचा ‘एमटाइम’ काहीही म्हणो. रुपयाचे नवे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले व त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले. ती दुसरी खूण. प्रस्तुत लेखकाच्या मते फाइलीचे वय तपासणारी स्क्रिप्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने लिहावी ती अशी: घड्याळ शेवटी विचारणारी, अक्षरे आधी पाहणारी.

तथापि ‘एमटाइम’ टाकाऊ आहे असा ह्याचा अर्थ नाही. तो प्रवासाचा पुरावा आहे. एकाच पत्रकाच्या तीन प्रती तीन ठिकाणी सापडल्या आणि त्यांचे काळ निरनिराळे निघाले, तर कोणती प्रत कोणापासून निघाली ह्याची वंशावळ लावण्यास ते उपयोगी पडतात. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत नकलाकाराची पुष्पिका जे काम करते तेच हे काम. अट एवढीच की तो प्रत हाती येताच, ती उघडण्यापूर्वी, टिपून ठेवला पाहिजे. ‘एटाइम’ तर वाचनानेच बदलतो. हा जाच कमी व्हावा म्हणून लिनक्सने २००९ पासून वाचनकाळ प्रत्येक वेळी न नोंदविण्याची रीत स्वीकारली, त्यामुळे त्याच्यावर आणखीच कमी भिस्त ठेवता येते.

कायद्यानेही दोन वयांतील हा भेद आपल्या परीने ओळखला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील नव्वदाव्या कलमाने, योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांचा कागद खरा मानण्याची मुभा न्यायालयाला दिली होती. २००० साली त्यातच इलेक्ट्रॉनिक अभिलेखांसाठी पाच वर्षांची मुदत घालण्यात आली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद ब्याण्णव व त्र्याण्णव ह्या कलमांत आहे. पाच वर्षांची मुदत ही इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीविषयीच्या गृहीतकापुरती आहे हे विसरू नये. साध्या प्रतिमेतील जुन्या पत्रकाला ती तीस वर्षांच्या जागी लागू होत नाही. मात्र त्याच अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमाखालील प्रमाणपत्रात फाइलीची ‘हॅश’ किंमत मागितली जाते. हॅश म्हणजे फाइलीच्या सर्व अंकांवरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. एक बिंदू बदलला तरी तो बदलतो. हा आकडा वय सांगत नाही. परंतु तो ज्या दिवशी काढून छापील यादीत नोंदविला, त्या दिवसापासून फाइल बदलली नाही एवढे तो निश्चित सांगतो. यंत्राच्या युगातील मोर्तब म्हणावयाचे तर ते हेच.

आपल्या विभागात गावोगावच्या कागदांच्या प्रतिमा गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यामुळे यादीचा नमुना पुढीलप्रमाणे ठेवावयास सांगितले पाहिजे. कागदावरची मिती जशी आहे तशी, फसली असेल तर फसलीतच, कोणत्या आरंभाची ते लिहून; तिचे इसवी रूपांतर दुसऱ्या रकान्यात; प्रतिमा घेतल्याचा दिवस तिसऱ्यात; फाइल आपल्या हाती आली तेव्हाचा ‘एमटाइम’ चौथ्यात; आणि हॅश पाचव्यात. शेवटचे दोन रकाने स्क्रिप्ट एका रात्रीत भरील. पहिला रकाना तिला भरता येणार नाही. त्यासाठी मोडी व उर्दू वाचणारा माणूसच बसवावा लागेल. २०२३ च्या शोधात घेतलेल्या प्रतिमा आज कचेऱ्यांतून खाजगी संगणकांवर व तेथून मोबाइलवर पसरत आहेत, आणि प्रत्येक पायरीवर त्यांचा चौथा रकाना पुसला जात आहे. म्हणून यादीचे काम मोडी वाचनाची वाट न पाहता आधी ह्या टोकाकडून सुरू करणे अधिक सोयीचे ठरेल.